ड्रमरला घरी बसवलंत!

एक सरळ विधान करतो. पटलं नाही तर शेवटपर्यंत वाचा आणि मग भांडा. आपल्याकडे घरी बसून जे हेवी म्युझिक रेकॉर्ड होतं, त्यातलं बरंचसं नुसतं मोठ्याने वाजतं. जड वाजत नाही. आणि याचं कारण तुमचा ऑडिओ इंटरफेस स्वस्तातला आहे हे नाही, तुमच्याकडे अमुक एक प्लगइन नाही हेही नाही. कारण एवढंच की त्या गाण्यात ड्रमरच नाही.

म्हणजे ड्रम आहेत हो. चिक्कार आहेत. डबल बेस मिनिटभर अखंड चालू आहे, मध्ये श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही, कारण श्वास घेणारं तिथे कुणी नाहीच. प्रत्येक किक आधीच्या किकची झेरॉक्स. प्रत्येक स्नेअर तितक्याच जोरात आणि तितक्याच अचूक जागी, जणू एक्सेलमध्ये एका सेलचा कोपरा धरून खाली ओढलाय. पहिली वीस सेकंदं भारी वाटतं. चाळिसाव्या सेकंदाला कान ते ऐकणं सोडून देतात, जसं आपण घरातल्या फ्रिजची घरघर ऐकणं सोडून देतो.

याची कृती आता सगळ्यांना पाठ झाली आहे. ड्रम सॅम्पलरमधले तयार पॅटर्न ओढायचे. सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी १२७ करायची (मिडीत त्याच्या वर आकडाच नाही, नाहीतर तोही टाकला असता). गिटारच्या अ‍ॅम्प सिम्युलेटरवर गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि वर चार थर चढवायचे. बेस गिटार "नंतर बघू". शेवटी मास्टरवर लिमिटर लावून स्क्रीनवरच्या वेव्हफॉर्मची वीट होईपर्यंत दाबायचं. झालं गाणं, करा अपलोड.

यात नुकसान कुणाचं? माझ्या ओळखीत एक ड्रमर आहे. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग, शनिवार-रविवार ड्रम, गेली दहा वर्षं. त्याच्या बँडने एक ईपी काढली. गाणी बसवताना हा होता, निम्मे ब्रेक याने सुचवलेले, तालमीच्या खोलीचं भाडं भरण्यातही याचा वाटा. रेकॉर्डिंगची वेळ आली तेव्हा मात्र, "अरे, ड्रम प्रोग्रॅम करून टाकू, वेळ वाचेल." आज त्या ईपीवर त्याचं नाव आहे, ठोका एकही नाही. त्यानेच मला ती ऐकवली. स्वतःच्या नावावरचे ड्रम तो एखाद्या पाहुण्यासारखा ऐकत होता. मला राग आला तो तेव्हा.

आणि गंमत म्हणजे त्या ईपीला याचा काडीचाही फायदा झालेला नाही. ती जड वाटत नाही. का वाटत नाही, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी साधनांचा मुद्दा निकालात काढू. १९९८ मध्ये लाईन सिक्स कंपनीने 'पॉड' नावाचं एक लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचं खोकं काढलं आणि अ‍ॅम्पशिवाय थेट गिटार रेकॉर्ड करणं घरोघरी पोचलं. २००६ मध्ये टूनट्रॅकचा 'ईझी ड्रमर' आला आणि ड्रमही कॉम्प्युटरच्या आत गेले. आज 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि खऱ्या अ‍ॅम्पच्या इतकं जवळ जातं की डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर भले भले गडबडतील. 'रीपर'चं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला मिळतं. थोडक्यात, "आपल्याकडे साधनं नाहीत हो" हे रडगाणं संपलं. आता जे वाईट वाजतं ते निर्णय चुकतात म्हणून.

पहिला चुकलेला निर्णय गेनचा. डिस्टॉर्शन म्हणजे काय, तर सिग्नल इतका वाढवायचा की त्याची डोकी छाटली जातील. डोकी छाटली की मोठा आणि लहान आवाज यांतलं अंतर कमी होतं. म्हणजे डिस्टॉर्शन हा एक प्रकारचा कॉम्प्रेशनच आहे. आता पाम म्यूट केलेल्या रिफमध्ये छातीवर बसतो तो काय असतो? तारेवर पिक पडल्याचा पहिला क्षण. गेन पूर्ण केलात की तो पहिला क्षण आणि नंतरची गुणगुण यांत फरकच उरत नाही. मधमाश्यांचं पोळं तयार होतं. मेटल रेकॉर्ड करणारे लोक हाय-गेन अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर लावतात, तेव्हा त्याचं ड्राइव्हचं बटण शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवतात, ते उगाच नाही. त्या पेडलकडून जास्त डिस्टॉर्शन नको असतं. खालचा फुगवटा अ‍ॅम्पमध्ये जायच्या आधीच कापला जावा आणि मधला भाग पुढे यावा, एवढंच त्याचं काम. एकट्याने वाजवताना जेवढा गेन गोड लागतो, त्याच्यापेक्षा कमीच रेकॉर्डिंगला लागतो, कारण दोन्ही बाजूंच्या गिटार एकत्र आल्या की त्या मिळून जाड होतात.

पण त्या "दोन बाजू" म्हणजे दोन वेगळे टेक हवेत, हं. एकच टेक कॉपी करून डावीकडे आणि उजवीकडे टाकला तर तो पुन्हा मधोमधच ऐकू येतो, दोन स्पीकरमधून एकच मोनो. मग कुणीतरी शहाणा त्यातला एक टेक १५ मिलिसेकंद सरकवतो. हेडफोनवर रुंद वाटतं, आणि फोनच्या एका स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की अर्ध्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. त्यापेक्षा पुन्हा वाजवा ना राव! दुसऱ्यांदा वाजवताना पिकचा कोन थोडा बदलतो, हात केसभर आधी किंवा नंतर पडतो, आणि त्या केसभर फरकानेच गिटारची भिंत उभी राहते.

हे समजायला परदेशातल्या स्टुडिओत जायला नको. गणपतीत लक्ष्मी रोडवर उभे राहा. पथकातले चाळीस ढोल एकाच क्षणी पडतात असं आपल्याला वाटतं, पण ते एकाच क्षणी पडत नाहीत. चाळीस माणसांचे चाळीस हात काही मिलिसेकंदांच्या पट्ट्यात पसरलेले असतात, पुढे ताशा त्यांना धरून ठेवतो, आणि तो जो किंचित पसरलेला ठोका असतो तोच बरगड्यांत घुसतो. आता एकाच ढोलाचं रेकॉर्डिंग घ्या आणि चाळीस वेळा बरोब्बर एकमेकांवर ठेवा. काय मिळेल? एकच ढोल, फक्त मोठ्या आवाजात. आपली घरगुती मेटल रेकॉर्डिंग नेमकी इथे अडकली आहेत.

दुसरा चुकलेला निर्णय बेस गिटारचा. स्टँडर्ड ट्यूनिंगमधल्या गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ८२ हर्ट्झ, बेसची ४१. हेवी गिटार ऐकताना तुम्हाला जे पोटात जाणवतं, त्यातलं बरंचसं गिटारचं नसतंच, ते बेसचं असतं, आपण श्रेय गिटारला देतो. (ऑफिसातही असंच चालतं, पण ते असो.) मेटालिकाचा १९८८ चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' लावून बघा. रिफ जबरदस्त, वाजवणं जबरदस्त, आणि जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. इतकी वर्षं लोक त्या मिक्सवर चडफडतायत. एवढ्या मोठ्या बँडला बेस काढून जड राहता आलं नाही, तर तुम्हा-आम्हाला बेस "नंतर बघून" कसं जमणार? गिटार साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापा, तो मजला बेस आणि किकला द्या. सोलो करून ऐकलीत तर गिटार हडकुळी वाटेल. वाटू द्या. श्रोता सोलो बटण घेऊन ऐकायला बसत नाही.

आता मुख्य आरोपी. ड्रम.

२०० बीपीएमला सोळाव्या भागाच्या दोन नोट्समध्ये ७५ मिलिसेकंद असतात. एवढ्या फटीत ड्रमरचे दोन पाय आळीपाळीने पडत असतात आणि बहुतेकांचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित हलका असतो. स्नेअरवर जोरात मारल्यावर तो नुसता मोठा वाजत नाही, वेगळा वाजतो: कातडं ताणलं जातं, रिम लागते, खालच्या तारा वेगळ्या थरथरतात. मोठ्या फटक्यांच्या मध्ये घोस्ट नोट्स असतात, ज्या वेगळ्या ऐकू येत नाहीत पण काढल्या की ठेका लंगडा होतो. कोरस आला की चांगला ड्रमर कणभर पुढे रेलतो, ब्रेकडाउन आला की कणभर मागे ओढतो. तबल्याच्या मैफलीत आपण ज्याला बोलाचं वजन म्हणतो, ते हेच. वजन हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे बघा, आणि तो डेसिबलबद्दल नाही.

हे सगळं ग्रिडवर क्वांटाइझ केलं की तुम्ही चुका काढून टाकल्या असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही माहिती काढून टाकली. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर लॉसी कॉम्प्रेशन केलंत, आणि मूळ फाईल डिलीट केलीत. नंतर 'ह्युमनाइझ'चं बटण दाबून ती परत येत नाही. ते बटण रँडम आकडे मिसळतं, आणि ड्रमर रँडम नसतो. तो मागे येतो तेव्हा त्याला मागे यायचं असतं.

इथे मला माहितेय कोण हात वर करणार. "मेशुगाचं काय? त्यांनी 'कॅच थर्टीथ्री' अख्खा प्रोग्रॅम केलेल्या ड्रमवर काढला!" बरोबर. २००५ साली काढला. पण ते ड्रमचे सॅम्पल कुणाच्या हातचे? त्यांच्याच ड्रमरच्या, टोमास हाकेच्या. आणि त्यांनी ते यांत्रिकपण ठरवून, एका अल्बमपुरतं घेतलं. २००८ च्या 'ऑबझेन'मध्ये हाके पुन्हा स्वतः ड्रमवर बसला आणि 'ब्लीड' वाजवलं, जे वाजवता यावं म्हणून जगभरातले ड्रमर अजून पाय दुखवून घेतायत. प्रोग्रॅमिंग हा कलेचा निर्णय असेल तर माझा सलाम. तो आळसाचा निर्णय असेल आणि वर त्याला "मॉडर्न साउंड" म्हणणार असाल, तर मात्र नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. "बाबा रे, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. ड्रम कुठे वाजवू?" मान्य. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ड्रमकिट सहज १०० च्या पुढे जातं. पहिल्याच फिलला सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे असतील, आणि त्यांचंही चुकणार नाही. पण म्हणून सगळं गाणं घरीच व्हायला हवं असं कुणी सांगितलं? गिटार घरी करा, बेस घरी करा, व्होकल्स कपड्यांच्या कपाटात तोंड घालून करा, मिक्सिंग रात्री दोनला करा. ड्रमसाठी फक्त एक दिवस तालमीची खोली भाड्याने घ्या. चार जणांत वाटून घेतलं तर तो खर्च एका प्लगइनच्या बंडलपेक्षा जड जाऊ नये. तेही जमत नसेल तर इलेक्ट्रॉनिक किट आणा, आवाज सॅम्पलरचे वापरा, पण हात-पाय ड्रमरचे असू द्या. माझं भांडण सॅम्पलशी नाहीच. खऱ्या किकच्या खाली थोडा सॅम्पल मिसळणं हे आमटीत चिमूटभर गूळ घालण्यासारखं आहे. नुसता गूळ वाढून त्याला आमटी म्हणू नका, एवढंच.

आणि चार माइक पुरतात. किकमध्ये एक, स्नेअरवर एक, वर दोन. वरचे दोन्ही स्नेअरपासून सारख्या अंतरावर लावा, दोरीने मोजून. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे अंतर चुकलं की स्नेअर दोनदा पोचतो आणि पोकळ वाजतो. हे पाच मिनिटांचं काम पन्नास ईक्यू करू शकत नाहीत. लेड झेपलिनच्या १९७१ च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम आठवा. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी किट, आणि वरच्या मजल्यावरून सोडलेले दोन माइक. बाहेर उभी असलेली रेकॉर्डिंगची गाडी महागडी होती हे खरं, पण त्या आवाजाचं वजन गाडीत नव्हतं. ते जिन्यात होतं आणि जॉन बॉनमच्या मनगटात होतं. दुसरं टोक बघायचं तर डार्कथ्रोनचा १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' घ्या: फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने वाजवून फोर-ट्रॅकवर घरगुती पद्धतीने रेकॉर्ड केलेला, जवळजवळ एकच ठेका अल्बमभर. तांत्रिक दृष्ट्या त्यात काहीही "बरोबर" नाही. पण तो ठेका एक माणूस धरून बसलाय हे कळतं, आणि म्हणून ते ऐकवतं.

बरं, ड्रम चांगले आले तरी घरी मिक्स करताना एक सापळा आहे, ज्यात सापडून लोक पुन्हा ड्रमरलाच दोष देतात. आपली बेडरूम. दहा बाय दहा, आणि छतही दहा फुटांच्या आसपास. म्हणजे घन. ध्वनीच्या दृष्टीने याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. हिशेब सोपा आहे: आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद, दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याच्या दुपटीने भागा, साधारण ५६ हर्ट्झ येतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणजे तिन्हींचा गोंधळ त्याच ५६ हर्ट्झवर. आणि हा नेमका किकच्या पोटाचा भाग. खोलीच्या मधोमध बसलात तर तिथे तो जवळजवळ गायब, कोपऱ्यात गेलात तर धबधबा. मग होतं काय? मधोमध बसून तुम्हाला किक पातळ वाटते, तुम्ही म्हणता "याने नीट मारलंच नाही", आणि सॅम्पल चढवता. खरं तर किक तुमची खोली गिळत होती. तोच मिक्स गाडीत लावला की आरसे थरथरतात.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हे जात नाही. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिला ट्रे दिसतही नाही. कोपऱ्यांत किमान चार इंच जाडीचं ग्लासवूल कापडात गुंडाळून उभं करा, खुर्ची मधोमध ठेवू नका, हेडफोनवर पडताळा, आणि आवडत्या अल्बमचं एखादं गाणं आपल्या मिक्सइतक्याच आवाजात आणून शेजारी लावून बघा. एवढं केलंत तरी निम्मे सॅम्पल आपोआप गळतील.

शेवटचा दगड लिमिटर. मेटालिकाचाच २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' इतका दाबला गेला की 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी चाहत्यांना जास्त मोकळी वाटली. खेळण्यातली गाणी सीडीपेक्षा बरी! आणि आज तर या दाबण्याला व्यावहारिक कारणही उरलेलं नाही. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीवर आणतं. तुम्ही घासून-पुसून उणे ६ चं मास्टर दिलंत, तर ते ८ डीबी खाली खेचणार. हातात काय उरलं? मोठा आवाज गेला आणि ठोकेही गेले. लढाई संपून गेली, आणि आपण अजून तटबंदीवर ओरडतोय.

जड हा शब्द नुसता उच्चारला तरी कळतं, त्याला तुलना लागते. हलकं काही शेजारी असल्याशिवाय जड काही नसतं. सगळ्या नोट्स १२७, सगळा गेन दहावर, सगळी लाट छतापर्यंत. मग जड कशाच्या मानाने? ते अंतर, ती उंच-सखल जागा गाण्यात आणणारा सगळ्यात मोठा माणूस ड्रमर असतो. त्याला वगळून तुम्ही वेळ वाचवलात आणि वजन घालवलंत. शिवाय एक माणूस दुखावलात, ज्याने तुमच्या रिफला पहिल्यांदा पाय दिले होते.

तेव्हा पुढच्या शनिवारी नवीन प्लगइनच्या सेलचं पान उघडण्याआधी फोन उचला आणि त्याला विचारा, "रविवारी मोकळा आहेस का? खोली बुक करतोय." तो उशिरा येईल. पेडलला तेल नसेल. तिसऱ्या टेकला काठी तुटेल. चौथा टेक ठेवा.

ता. क.: ड्रमर मंडळींनो, एवढं भांडलोय तुमच्यासाठी, तर मेट्रोनोमवर सराव करून या. ग्रिडच्या मागे-पुढे जाण्याचा हक्क ग्रिड माहीत असलेल्यालाच असतो :-)